उशीर बाईचा नाही

‘आपल्याकडच्या बायका लाजतात, दुखणं अंगावर काढतात आणि फार उशिरा डॉक्टरकडे येतात.’ स्तनांच्या कॅन्सरवरचं भाषण असो, ऑक्टोबरातली पुरवणी असो की शिबिराचं उद्घाटन, हे वाक्य आल्यावाचून कार्यक्रम पुढे सरकत नाही. बोलणारे कधी नामवंत सर्जन असतात, कधी आमदार, कधी गुलाबी टी-शर्ट वाटणाऱ्या कंपनीचे अधिकारी. समोर बसलेल्या बायकाही माना डोलावतात. दोष आपलाच असणार, हे त्यांना लहानपणापासून पाठ आहे. उशीर होतो, यात वाद नाही. माझा वाद आहे तो या वाक्यातल्या कर्त्याशी. उशीर बाईने केला असं एकदा ठरवून टाकलं, की उपकेंद्र, तालुक्याचा डॉक्टर, सिव्हिल हॉस्पिटल, योजनेचं कार्यालय आणि घरातले पुरुष असे सगळेच एका दमात सुटतात.

त्यांना इतकं स्वस्तात सोडता येणार नाही. देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांत २०१२ ते २०१५ या काळात ज्या बायकांची नोंद झाली, त्यांचं पुढे काय झालं याचे आकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग स्तनापुरताच असताना निदान झालेल्यांपैकी ८१ टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत आणि आसपास पोहोचलेल्यांत हे प्रमाण ६५.५ टक्क्यांवर आलं, आणि दूरवर पसरलेल्यांत १८.३ टक्क्यांवर. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक त्याने गेल्या. अमेरिकेत त्याच वर्षी रुग्ण आपल्यापेक्षा बरेच जास्त होते, पावणेतीन लाखांच्या घरात. मृत्यू मात्र ४३ हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या बायका आपल्या बायकांपेक्षा निर्लज्ज आहेत, म्हणून हा फरक पडला असं कोणाला म्हणायचं असेल तर त्यांनी ते जाहीरपणे म्हणावं.

आधी लाजेचंच बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. अनोळखी डॉक्टर, अनोळखी नर्स, चार खाटांच्या खोलीत अपुरा पडदा, आणि तरीही बायका गेल्या. का गेल्या? गावात आशाताई होती, आरोग्यसेविकेच्या वहीत नाव होतं, १०८ ला फोन केला तर गाडी येत होती, बाळंतपण फुकट होतं, आणि नाही गेलं तर कोणीतरी विचारायला दारात उभं राहत होतं. लाज होतीच, व्यवस्था असली की ती आड येत नाही, एवढं या आकड्याने दाखवून दिलं. आता त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा. देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती? ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. तिशीनंतरच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा आरोग्यसेविकेने हाताने तपासणी करावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच कागदावर लिहून ठेवलं होतं. बाळंतपणाला, बाळाच्या लशीला, तांबीला, टाक्याच्या ऑपरेशनला ही बाई पुन्हापुन्हा सरकारी दवाखान्याच्या दारात आली. तिच्या छातीला हात लावून बघायला कोणाला सुचलं नाही, आणि लाजाळू ठरली ती.

कोणी म्हणेल, सर्वेक्षणाचं राहू द्या, प्रत्यक्ष प्रयोग करून कोणी बघितलंय का? बघितलंय, आणि तोही आपल्या मुंबईत. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतल्या २० वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर हा अभ्यास केला. निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, बायकांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत कॅन्सरबद्दल एकदा माहिती दिली गेली आणि नंतर नुसती विचारपूस होत राहिली. म्हणजे आपले वक्ते ज्या ‘जागृती’ची शिफारस करतात ती एका पारड्यात आणि माणसाने येऊन हाताने केलेली तपासणी दुसऱ्या पारड्यात. जागृतीच्या गटात सापडलेल्या कॅन्सरपैकी ४७ टक्के तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले होते, तपासणीच्या गटात ३७ टक्के. मृत्यूंमध्ये एकूण १५ टक्के घट दिसली; संख्याशास्त्राच्या कसाला ती उतरली नाही आणि लेखकांनी ते लपवलेलं नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती. पन्नाशीखाली विशेष फरक पडला नाही. चमत्कार नव्हे, पण झोपडपट्टीतल्या बायकांनी वीस वर्षांच्या अभ्यासाला साथ दिली आणि त्यात यंत्र एकही नव्हतं. या निकालानंतर गावोगावच्या आरोग्यसेविकांना ही तपासणी शिकवण्याची लाट यायला हवी होती. आली ती इमारतींवर गुलाबी दिवे सोडण्याची.

या गुलाबीची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शार्लट हेली नावाची अमेरिकन बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवायची. फितीबरोबरच्या कार्डावर मजकूर असे तो पैशांचा: राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातला फक्त पाच टक्के पैसा प्रतिबंधावर खर्च होतो, तेव्हा लोकप्रतिनिधींना जागं करा. एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने आणि एका मासिकाने तिच्याकडे ती फीत मागितली. हे फार बाजारी होईल म्हणून तिने नकार दिला. वकिलांनी तोडगा काढला, रंग बदला. १९९२ मध्ये फीत गुलाबी झाली आणि कार्डावरचा प्रश्न गळून पडला. जागृतीचा महिना त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, सुरू झाला होता. त्याच्या संस्थापकांत स्तनांच्या कॅन्सरवरचं टॅमोक्सिफेन बनवणाऱ्या कंपनीचा औषध विभाग होता. टॅमोक्सिफेन हे उत्तम औषध आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारला विचारलेला प्रश्न बाईला दिलेल्या उपदेशात कसा बदलला, ते या फितीवरून कळतं.

आता गाठ हाताला लागल्यानंतरचा रस्ता. खरा उशीर इथे होतो, आणि त्याबद्दल व्यासपीठावर अवाक्षर निघत नाही. बाई गावातल्या किंवा तालुक्यातल्या डॉक्टरकडे जाते. तो विचारतो, ‘दुखते का?’ ती म्हणते, ‘नाही.’ ‘मग काळजी करू नका.’ कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हेच तर तिचं लक्षण. आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिला घरी पाठवलं जातं. अंगावर पाजणारी असेल तर ‘दूध साचलंय’ म्हणून गोळ्या मिळतात. मग कोणीतरी गाठ विरघळवणारी पुडी सुचवतं. दोन-तीन महिने असे जातात, आणि या काळात ती अंगावर काढत नसते. ती उपचारच घेत असते!

पुढचा टप्पा याहून वाईट. ‘एवढीशी तर गाठ आहे, काढून टाकू’ म्हणत कोणी सर्जन तिथल्या तिथे भूल देऊन ती कापून काढतो. कधी ती तपासायला जाते, कधी नातेवाइकांच्या हातात बाटली दिली जाते, कधी तेही नाही. सुईने तुकडा काढून आधी निदान केलं असतं तर ऑपरेशन किती मोठं करायचं, आधी केमो द्यायची का, हे सगळं ठरवता आलं असतं. आता मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना व्रण पाहून अंदाज बांधावे लागतात. तुकडा मिळालाच तर त्याच्या हार्मोन आणि हर-टू नावाच्या प्रथिनाच्या चाचण्या शहरात पाठवायच्या, अहवालाची वाट बघायची, आणि निदान होईपर्यंतच्या या तपासण्यांचा पैसा बहुतेकदा स्वतःच्या खिशातून घालायचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने हजारो घरं कर्जापासून वाचवली आहेत, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण ती दार उघडते निदानाच्या पुढे. तिथेही रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नाही, आधारवर आडनाव माहेरचं आहे, मंजुरी अडकली आहे, आरोग्यमित्र आज आलेले नाहीत.

मग रेडिएशन. यंत्रं मोठ्या शहरांत. पूर्वी पाच आठवडे रोज जावं लागे, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत १५ बैठकांवर भागतं. योग्य रुग्णांना एका आठवड्यात पाच बैठकाही पुरतात, हे ब्रिटनमधल्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवलं. शेतमजूर बाईच्या दृष्टीने पाच आठवडे आणि एक आठवडा यात किती मजुरी, कोणाच्या दारात किती दिवसांचा मुक्काम आणि घरी पोरांना कोण जेवू घालणार, एवढा फरक असतो. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा शोधणारी माणसं पाहिलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. स्तन वाचवून फक्त गाठ काढली आणि नंतर रेडिएशन दिलं, तर आयुर्मान पूर्ण स्तन काढण्याइतकंच राहतं. मिलान आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये येऊन गेले. तरीही आपल्याकडे कितीतरी बायकांचा वाचू शकणारा स्तन काढला जातो. यंत्र दोनशे किलोमीटरवर आहे आणि ती रोज येऊ शकणार नाही, हे डॉक्टरला ठाऊक असतं.

या सगळ्यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे मॅमोग्राफीची गाडी. फीत कापायची, फोटो काढायचे, संध्याकाळी गाडी परत. ज्या बाईच्या फिल्मवर काही दिसलं तिने पुढे कुठे जायचं, बायोप्सी कोण करणार, याचा पत्ता त्या गाडीवर लिहिलेला नसतो. मॅमोग्राफी टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या घरात आई-बहिणीला हा रोग झालाय, ज्यांच्या हाताला काही लागलंय, त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करावी. पन्नाशीपुढच्या शहरी बाईने फायदे-तोटे समजून घेऊन करायचं ठरवलं तर त्यातही गैर काही नाही. पण चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी हाच वाचण्याचा मार्ग, असं जे ठसवलं जातं त्याला माझा विरोध आहे. ब्रिटन ही तपासणी ५० नंतर दर तीन वर्षांनी करतं. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी सुचवली. दोन श्रीमंत देशांचं एकमत नसताना आपल्या खासगी हॉस्पिटलांची ‘महिला दिन पॅकेजं’ इतकी ठाम कशी? शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर होतो, आणि तरुण बाईच्या घट्ट स्तनात फिल्मवर गाठ लपते.

‘पण अमेरिकेतले मृत्यू मॅमोग्राफीमुळेच कमी झाले ना?’ हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतला स्तनांच्या कॅन्सरचा मृत्युदर १९७५ ते २०१९ दरम्यान ५८ टक्क्यांनी उतरला. त्याचं श्रेय कोणाला किती, याचा हिशोब २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. तपासणी-मोहिमांच्या वाट्याला आलं साधारण एक चतुर्थांश. पहिल्या तीन टप्प्यांतल्या रोगाच्या उपचारांना जवळपास निम्मं, आणि पसरलेल्या रोगाच्या उपचारांना उरलेलं. मृत्यू घटवण्याचं तीन चतुर्थांश काम उपचारांनी केलं, आणि आपण उपचारांच्या रस्त्यातले खड्डे तसेच ठेवून गाडीसमोर नारळ फोडतो. ‘स्वतःच दर महिन्याला तपासा’ या उपदेशाचंही तेच. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांवर याचा अभ्यास झाला. २००२ च्या निकालात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. आपलं शरीर बाईला ओळखीचं असावं, बदल दिसला तर तिने दाखवावं, हे बरोबरच आहे. तिच्या बोटांवर आरोग्यखात्याचं काम ढकलणं बरोबर नाही.

प्रतिबंधाच्या नावाखाली तर दोषारोपाचा नवाच दरबार भरतो. उशिरा लग्न केलंत, मूल लांबवलंत, अंगावर पाजलं नाहीत, नोकरीच्या मागे लागलात. स्तनपानाने धोका घटतो हे शास्त्र आहे: पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे साधारण ४.३ टक्के. पण हे सांगणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेची मागणी कारखान्याच्या आणि ऊसतोडीच्या बाईसाठी कधी केली? वजन, दारू, व्यायाम यांबद्दल जरूर बोला. मात्र आयुष्यभर सगळं नेमाने करणाऱ्या बाईलाही हा रोग होतो, आणि बहुतेक रुग्णांच्या घरात तो आधी कोणालाच झालेला नसतो, हेही त्याच दमात सांगा.

आणि उपचार संपल्यावर? तेव्हा तिला ‘योद्धा’ म्हणतात, टाळ्या वाजवतात आणि घरी पाठवतात. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो. भाकरी थापायची, धुणं पिळायचं, हंडा उचलायचा, खुरपायचं तो हाच हात. सूज येऊ नये म्हणून कोणते व्यायाम करायचे, खरचटलं तर काय करायचं, दाबपट्टी कुठे मिळते, हे पाच मिनिटं बसून सांगणारं माणूस बहुतेक हॉस्पिटलांत नेमलेलंच नाही. हार्मोनची गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यायची असते. ती स्वस्त आहे, पण अंगातून वाफा येतात, झोप उडते, सांधे धरतात. कोणी आधी सांगितलेलं नसल्यामुळे बायका ती मध्येच सोडतात. मग आहेच, ‘पेशंट ऐकत नाहीत.’ रोग हाडांत पोहोचल्यावर लागतं मॉर्फिन. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतकं जखडून टाकलं होतं की २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. बदलून दशक उलटलं, तरी कितीतरी तालुक्यांत ते आजही मिळत नाही. पुण्यात वारज्याला, मुंबईत वांद्र्याला वेदनाशमनाची चांगली केंद्रं आहेत. गडचिरोलीच्या बाईने वांद्र्याला यायचं का?

माझ्या विरोधात जाणारं एक उदाहरणही इथे मांडायला हवं. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की कोणतीही तपासणी-मोहीम नसताना, केवळ माहिती पोहोचल्यामुळे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. म्हणजे जागृतीने फरक पडतो. पण ती माहिती नोंदणीची माणसं गावात जाऊन-येऊन देत होती आणि कॅन्सरचं हॉस्पिटल बार्शीतच होतं. हाक मारणारा आणि दार उघडणारा एकाच गावात असले की बायका येतात. गोव्यातही तपासणीबरोबर हर-टूवरचं महाग औषध सरकारने मोफत केलं. राज्य लहान आहे हे खरं, पण दिशा योग्य आहे.

पैसे नाहीत, हे कारण मी ऐकून घ्यायला तयार नाही. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ हॉस्पिटलांतल्या १,५८३ बायकांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भुलीचं साधं लिडोकेन टोचलं, एवढाच बदल. पाच वर्षांनी त्या गटातल्या ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न टोचलेल्या गटातल्या ८६.४ टक्के. लिडोकेन दाताच्या डॉक्टरकडेही असतं. त्याच्यासाठी वॉकेथॉन निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीन कसोट्या ठरवल्या: ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्के जणींचे उपचार अर्धवट न राहता पार पडावेत. यातली मधली कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात घड्याळ बाईच्या हातात नसून दवाखान्याच्या भिंतीवर आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने वर्षाला एक आकडा जाहीर करावा: गाठ घेऊन आलेल्या बाईला निदान मिळायला सरासरी किती दिवस लागले. यासाठी ना व्हॅन लागते ना फीत, एक वही पुरते. तो आकडा हातात आला की मग बायका किती लाजतात यावर खुशाल परिसंवाद भरवा.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. घरातल्या, शेजारच्या, कामाला येणाऱ्या बाईला गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आलं, तर तिला ‘दाखवून ये’ म्हणू नका, तिच्याबरोबर जा. ‘दुखत नाही ना’ म्हणणाऱ्या डॉक्टरला सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी लिहून द्यायला लावा. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. आणि बायोप्सीचा अहवाल हातात येईपर्यंत कोणालाही, तो कितीही ओळखीचा सर्जन असो, ती गाठ कापू देऊ नका.